कृत्रिम गोडी आणि मेंदूच्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला तरी शुगर निघते, चहातली साखर बंद होते आणि डबीतल्या गोळ्या सुरू होतात. मग कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो : 'या गोळ्यांनी मेंदूच्या पेशी मरतात, आजच फेकून द्या.' त्याखाली दुसरा मेसेज असतो की सगळं काही सुरक्षित आहे, घाबरू नका. दोघांपैकी कुणीच पुरावा देत नाही.

या विषयावर संशोधन भरपूर झालं आहे, पण ते सगळं एका तागडीत टाकता येत नाही. कुठलीही बातमी वाचताना एक गोष्ट आधी तपासावी : तो पदार्थ मेंदूपर्यंत पोचला होता का, आणि पोचला असेल तर किती? खालची बरीचशी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

कृत्रिम गोडी म्हणजे नेमके कोणते पदार्थ?

एकमेकांशी काहीही नातं नसलेले पदार्थ आपण एका नावाखाली घालतो, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सॅकरीन सगळ्यात जुनं. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना ते सापडलं. ॲस्पार्टेम १९६५ चं. सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर अल्सरच्या औषधावर काम करत होते, बोटाला लागलेली पावडर त्यांनी चाटली आणि ती गोड निघाली. ॲसिसल्फेम पोटॅशियम १९६७ मध्ये जर्मनीत मिळालं. सुक्रालोज १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ आणि शशिकांत फडणीस यांच्या हाती लागलं. हफ यांनी पदार्थाची चाचणी घ्यायला सांगितली आणि फडणीसांना 'चाखून बघ' असं ऐकू आलं, असा किस्सा सांगतात. एकंदरीत या क्षेत्रातले मोठे शोध प्रयोगशाळेचे नियम मोडल्यामुळे लागलेले आहेत.

हे चारही पदार्थ साखरेपेक्षा शेकडो पटींनी गोड आहेत. ॲस्पार्टेम साधारण २०० पट, सुक्रालोज ६०० पट. त्यामुळे ते मिलिग्रॅममध्येच वापरले जातात.

दुसरा गट शर्करा-अल्कोहोलांचा : एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी संबंध नाही. यांची गोडी साखरेइतकी किंवा तिच्याहून कमी, म्हणून ते ग्रॅममध्ये घालावे लागतात. हा मिलिग्रॅम आणि ग्रॅममधला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि तिसरं, झाडाच्या पानांपासून काढलेलं स्टीव्हिया.

हे पदार्थ मेंदूच्या पेशींपर्यंत पोचतात का?

प्रत्येकाचा प्रवास वेगळा आहे.

ॲस्पार्टेम अख्खं रक्तात जवळजवळ जातच नाही. आतड्यातच त्याचे तीन तुकडे होतात : वजनाच्या साधारण निम्मं फेनिलॲलॅनिन, चाळीस टक्क्यांच्या आसपास ॲस्पार्टिक आम्ल आणि दहा टक्के मेथॅनॉल. पहिली दोन अमिनो आम्लं आहेत. डाळ, दूध, अंडी, मासे, कशातूनही ती आपल्या पोटात रोज जातात. डाएट सॉफ्ट ड्रिंकच्या ३५५ मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असतं, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आसपास फेनिलॲलॅनिन. एका पेला दुधात त्याच्या तीन-चार पट असतं.

ॲस्पार्टिक आम्ल बहुतांश आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात. जे उरतं त्याला रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा अडवतो. हा पडदा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी. त्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते आत शिरू शकत नाही.

फेनिलॲलॅनिनला मात्र आत जायला वाहक आहे. तोच वाहक टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनलाही नेतो. एकाची गर्दी झाली तर बाकीच्यांना जागा कमी मिळते. टायरोसिनपासून डोपामिन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. ॲस्पार्टेममुळे मूड बिघडतो या म्हणण्यामागचा शास्त्रीय तर्क हा असा आहे आणि तो खुळचट नाही. अडचण मात्रेची आहे : एखाद्या कॅनमुळे रक्तातलं फेनिलॲलॅनिन वाढतं ते किरकोळ, नेहमीच्या जेवणानंतर वाढतं त्यापेक्षा जास्त नाही.

सुक्रालोजचा सुमारे ८५ टक्के भाग शोषलाच जात नाही, शौचावाटे निघून जातो. सॅकरीन आणि ॲसिसल्फेम पोटॅशियम रक्तात जातात आणि काही बदल न होता लघवीतून बाहेर पडतात. एरिथ्रिटॉलचं वेगळं आहे. ते जवळजवळ ९० टक्के रक्तात शोषलं जातं, तेही ग्रॅममध्ये, आणि लघवीतून जाईपर्यंत काही तास रक्तात फिरत राहतं. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी त्याची गाठ नक्की पडते.

याखेरीज आडवाटाही आहेत. जिभेवरचे आणि आतड्यातले गोडीचे संवेदक, तिथून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस, आतड्यातले जीवाणू. पदार्थ स्वतः मेंदूत न शिरताही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. हल्लीचं बरंचसं संशोधन या वाटांवरच चाललं आहे.

'ॲस्पार्टेमने मेंदूच्या पेशी मरतात' हे आलं कुठून?

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन ओल्नी यांच्याकडून. आणि ते ऐरेगैरे नव्हते.

१९६९ मध्ये ओल्नींनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपलं अजिनोमोटो, टोचलं तर त्यांच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे भुकेचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागातल्या, पेशी मरतात. ग्लुटामेट हा चेतापेशींना उत्तेजित करणारा संदेशवाहक आहे. तो प्रमाणाबाहेर झाला की पेशीची दारं उघडीच राहतात, आत कॅल्शियमचा लोंढा येतो आणि पेशी उत्तेजित होऊन होऊन मरते. याला ओल्नींनी एक्सायटोटॉक्सिसिटी असं नाव दिलं. ही यंत्रणा खरी आहे. पक्षाघातात, डोक्याला मार लागल्यावर पेशी अशाच मरतात, आणि आजचं मज्जाशास्त्र या कल्पनेशिवाय शिकवताच येत नाही.

ॲस्पार्टिक आम्लही त्याच संवेदकांवर काम करतं. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७४ मध्ये ॲस्पार्टेमला परवानगी दिल्यावर ओल्नींनी हरकत घेतली. परवानगी स्थगित झाली, सर्लच्या प्रयोगांची तपासणी झाली, १९८० मध्ये तज्ज्ञांचं चौकशी मंडळ बसलं. मंडळाने पेशी मरण्याचा धोका मान्य केला नाही, पण उंदरांमधल्या मेंदूच्या गाठींबद्दल आणखी अभ्यास होईपर्यंत परवानगी देऊ नये असं सुचवलं. १९८१ मध्ये नवे आयुक्त आर्थर हल हेज यांनी ही शिफारस बाजूला ठेवून परवानगी दिली, आणि १९८३ मध्ये सॉफ्ट ड्रिंकसाठीही दिली. तेव्हा सर्लचे प्रमुख होते डोनाल्ड रम्सफेल्ड, जे आधी आणि नंतरही अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. आजही फिरणाऱ्या कटकारस्थानाच्या कथांना सगळं खतपाणी इथून मिळतं. संशय घ्यायला जागा होती हे मान्य करायलाच हवं.

मग ओल्नींचा धोका आपल्या चहाच्या कपाला का लागू होत नाही? नवजात उंदराचा पडदा आणि मोठ्या माणसाचा पडदा यांत फरक आहे, प्रयोगातली मात्रा प्रचंड होती, आणि पदार्थ टोचणं वेगळं, जेवणातून पोटात जाणं वेगळं. माकडांच्या पिलांना मोठ्या मात्रेत ॲस्पार्टेम पाजून नंतर प्रयोग झाले, त्यांत हायपोथॅलॅमसच्या पेशी मेलेल्या आढळल्या नाहीत.

मेंदूत गाठ होते का?

१९९६ मध्ये ओल्नींनीच एक निबंध लिहिला की ॲस्पार्टेम बाजारात आल्यानंतर अमेरिकेत मेंदूच्या गाठी वाढल्या. त्यावर टीका झाली ती रास्त होती. वाढ आधीच सुरू झाली होती, आणि त्याच काळात सीटी व एमआरआय आल्यामुळे पूर्वी निसटणाऱ्या गाठी सापडू लागल्या होत्या. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा जवळजवळ ४ लाख ७४ हजार लोकांचा अभ्यास आला. डाएट पेयांमधलं ॲस्पार्टेम आणि मेंदूच्या गाठी यांत संबंध दिसला नाही.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन शाखेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या २ब गटात टाकलं, ते मुख्यतः यकृताच्या कर्करोगाच्या तुटपुंज्या पुराव्यावर. मेंदूचा तिथे प्रश्न नव्हता. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे.

आणि ते मेथॅनॉल? विषारी दारूत असतं तेच ना?

तेच. एका कॅनमधून साधारण २० मिलिग्रॅम मिळतं. टोमॅटोच्या आणि इतर फळांच्या रसातूनही मिळतं, बऱ्याचदा याहून जास्त. विषारी दारूतली मात्रा याच्या हजारो पट असते. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत पेशींवर गोडी टाकल्यावर पेशींना इजा झाली, अशा बातम्या येतात. त्या खोट्या असतात का?

खोट्या नसतात, पण अपुऱ्या असतात. बशीतल्या चेतापेशींवर अख्खं ॲस्पार्टेम ओतलं तर काहीतरी घडतंच. आपल्या डोक्यातल्या चेतापेशीला मात्र अख्खं ॲस्पार्टेम कधी भेटत नाही. अशा प्रयोगातून फार तर एखादी यंत्रणा कळते, धोका किती हे कळत नाही.

म्हणूनच एरिथ्रिटॉलवरचा २०२५ चा प्रयोग मला वेगळा आणि जास्त गंभीर वाटतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या गटाने मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या मानवी पेशी घेतल्या. म्हणजे वर सांगितलेला पडदा ज्यांचा बनतो त्याच. त्यांना एरिथ्रिटॉल दिलं ते ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेलं साखरमुक्त पेय घेतल्यावर जितकं भेटेल साधारण तितकंच. पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड कमी झालं, म्हणजे रक्तवाहिनी सैल करणारा पदार्थ घटला. आखडवणारं एंडोथेलिन-१ वाढलं. रक्ताची गुठळी विरघळवणारा जो पदार्थ या पेशी गरजेच्या वेळी सोडतात, तो पुरेसा सुटेना. आणि पेशींना हानी करणारे ऑक्सिजनचे क्रियाशील कण वाढले. चारही बदल पक्षाघाताच्या दिशेचे आहेत.

हाही बशीतलाच प्रयोग. पण इथे पदार्थ त्या पेशींना खरोखर भेटतो, आणि भेटतो तो जवळपास त्याच मात्रेत. शिवाय २०२३ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं होतं की रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळतात, आणि एरिथ्रिटॉलमुळे रक्तातल्या प्लेटलेट गुठळी करायला अधिक तयार होतात. यात एक गोम आहे : आपलं शरीर ग्लुकोजपासून स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते वाढलेलं असू शकतं. तरीही दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने एरिथ्रिटॉलचे केक, आइस्क्रीम, 'कीटो' मिठाया टाळाव्यात असं माझं मत आहे. पुराव्याची वाट बघण्यात इथे काही फायदा नाही. तो पदार्थ न खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

ब्राझीलच्या अभ्यासात 'मेंदू ६२ टक्के वेगाने म्हातारा होतो' असं निघालं. ते खरं?

असं निघालं नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी निघालं.

साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांचा हा अभ्यास सप्टेंबर २०२५ मध्ये 'न्यूरॉलॉजी'त आला. १२,७७२ माणसं, सरासरी वय ५२, सरासरी आठ वर्षं पाठपुरावा. सात पदार्थ मोजले : ॲस्पार्टेम, सॅकरीन, ॲसिसल्फेम पोटॅशियम, एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल आणि टॅगॅटोज नावाची एक शर्करा. सर्वांत जास्त घेणाऱ्यांमध्ये, म्हणजे दिवसाला सरासरी १९१ मिलिग्रॅम, स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली घसरण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ६२ टक्के जास्त वेगाने झाली. संशोधकांनी ती १.६ वर्षांच्या वार्धक्याइतकी मानली. ६२ टक्के ऐकायला भयंकर वाटतं, दीड वर्ष तितकं वाटत नाही. मथळ्यात कोणतं येणार हे उघड होतं. साठीच्या आतल्या लोकांमध्येच हा संबंध दिसला, साठीपुढच्यांत नाही. मधुमेह असलेल्यांत तो अधिक ठळक होता. टॅगॅटोजशी कसलाच संबंध नव्हता.

आता शंका. कोण किती गोडी घेतं हे फक्त सुरुवातीला एकदा विचारलं होतं. आठ वर्षांपूर्वी काय खात होता ते आठवून बघा आणि आज काय खाता ते बघा. सुक्रालोज यादीत नाही, आणि आज सर्वत्र तेच आहे. मला सर्वांत जास्त खटकतं ते मिलिग्रॅमची बेरीज करणं. सॉर्बिटॉलची सरासरी सगळ्यांत जास्त, दिवसाला ६४ मिलिग्रॅम होती. सॉर्बिटॉल साखरेहूनही कमी गोड, सफरचंदात आणि पेअरमध्ये नैसर्गिकरीत्या असतं, आणि ६४ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. एवढ्याने मेंदूवर परिणाम होत असेल तर यंत्रणा काय? जास्त संभाव्य आहे ते असं की हे मिलिग्रॅम पाकिटबंद खाण्याची खूण आहेत, आणि दोषी त्या खाण्यातलं दुसरंच काहीतरी आहे. संशोधकांनी आहार, वजन, रक्तदाब वगैरे हिशेबात धरायचा प्रयत्न केला आहे, पण अशा गोष्टी पूर्णपणे वजा होत नाहीत.

म्हणून अभ्यास टाकाऊ आहे का? नाही. साठीच्या आतल्यांत संबंध दिसणं आणि मधुमेहींमध्ये तो ठळक असणं हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

डाएट सॉफ्ट ड्रिंकने पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश?

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २०१७ मध्ये असं दिसलं की रोज एक तरी डाएट पेय घेणाऱ्यांना रक्त अडून होणारा पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका जवळजवळ तिप्पट होता. स्मृतिभ्रंशाचा संबंध मधुमेह हिशेबात घेतल्यावर बराच सौम्य झाला. ही उलट्या कारणाची अडचण या विषयात सारखी येते : वजन वाढलं, शुगर निघाली, म्हणून माणूस डाएट पेयांकडे वळतो, आणि मेंदूला धोका त्या शुगरचाच असतो. २०२२ मध्ये फ्रान्सच्या एक लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासातही ॲस्पार्टेम आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार यांत संबंध दिसला, पण तिथे वाढ १७ टक्के होती, तिप्पट नव्हती.

गोड लागतं पण साखर येत नाही, याने मेंदू फसतो का?

मेंदू फसत नाही, त्याला कळतं. २००८ च्या एका छोट्या अभ्यासात बायकांना साखरेचं आणि सुक्रालोजचं पाणी दिलं. चवीत त्यांना फरक सांगता आला नाही. पण मेंदूच्या प्रतिमांमध्ये डोपामिनशी संबंधित भाग साखरेला प्रतिसाद देत होता, सुक्रालोजला तसा देत नव्हता.

मार्च २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॅथलीन पेज यांच्या गटाने ७५ जणांना वेगवेगळ्या दिवशी साधं पाणी, साखरेचं पाणी आणि सुक्रालोजचं पाणी दिलं. सुक्रालोजनंतर हायपोथॅलॅमसमधला, म्हणजे भुकेचं नियंत्रण करणाऱ्या भागातला, रक्तप्रवाह वाढला, आणि साखर घेतल्यापेक्षा भूकही जास्त लागली. लठ्ठ व्यक्तींमध्ये हा परिणाम अधिक होता. यात पेशी मरत नाहीत, पण वजन कमी करायला डाएट पेय घेणाऱ्याचा हेतू इथेच हुकू शकतो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन ताब्यात ठेवण्यासाठी या गोडीवर विसंबू नका असं सांगितलं. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, आणि हे वाक्य फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमधून हमखास गळतं.

उंदरांना चिंतारोग झाला आणि तो पिलांतही उतरला, ती काय भानगड?

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात प्रदीप भिडे यांच्या गटाचं काम, २०२२. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ॲस्पार्टेम दिलं, माणसासाठी अमेरिकेत ठरलेल्या कमाल मात्रेच्या साधारण १५ टक्के. उंदीर घाबरट झाले, डायझेपाम हे चिंतेवरचं औषध दिल्यावर शांत झाले. नर उंदरांची पुढची दोन पिढ्यांची पिलंही, ज्यांनी ॲस्पार्टेम चाखलंच नव्हतं, तशीच निघाली. मेंदूच्या अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागात ग्लुटामेट आणि गाबा (चेतापेशींना शांत करणारा संदेशवाहक) यांच्याशी निगडित जनुकांचं काम बदललेलं आढळलं. पुढच्या वर्षी शिकण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांतही फरक दाखवला.

इथे 'मात्रा फार मोठी होती' हे नेहमीचं उत्तर चालत नाही, आणि म्हणूनच हे काम दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून बघायला हवं. माणसांत याला समांतर काही अजून दिसलेलं नाही.

मला गोळी घेतल्यावर डोकं दुखतं. माझा भ्रम आहे का?

असेलच असं नाही. १९८७ मध्ये ड्यूक विद्यापीठात अशी तक्रार करणाऱ्या ४० जणांवर चाचणी झाली. ॲस्पार्टेम घेतल्यावर ३५ टक्के जणांचं डोकं दुखलं, आणि नुसती खोटी गोळी घेतल्यावर ४५ टक्के जणांचं. नंतरच्या एक-दोन छोट्या चाचण्यांत मात्र काही मायग्रेनवाल्यांना ॲस्पार्टेमने जास्त त्रास झाला. २०१४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या २८ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात किलोमागे २५ मिलिग्रॅम घेतल्यावर आठ दिवसांत चिडचिड आणि उदासी वाढली. साठ किलोच्या माणसाला हे दिवसाला दीड ग्रॅम झालं, म्हणजे सात-आठ कॅन.

मायग्रेन असेल तर महिनाभर बंद करून डायरी ठेवा. फरक पडला तर सोडून द्या, त्यासाठी शास्त्राच्या परवानगीची गरज नाही.

कुणी अजिबातच घेऊ नये?

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ॲस्पार्टेम मुळीच घेऊ नये. त्यांच्या यकृतात फेनिलॲलॅनिन मोडणारं विकर नसतं किंवा फारच कमी असतं. ते साचत जातं, पडद्यापलीकडे जातं आणि वाढत्या मेंदूचं कायमचं नुकसान करतं. 'ॲस्पार्टेममुळे मेंदूला इजा' हे वाक्य शब्दशः लागू पडतं ते इथे, म्हणूनच डब्यावर तशी सूचना छापणं सक्तीचं आहे. हा आजार असलेल्या स्त्रीने गरोदरपणात तर डोळ्यांत तेल घालून जपायला हवं, कारण धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला असतो.

लहान मुलांना?

आपल्याकडच्या कॅनवर 'मुलांसाठी शिफारस नाही' असं बारीक अक्षरांत असतं, ते वाचा. एखाद्या सरबताने काही होत नाही. औषधांच्या सिरपमध्येही सॅकरीन किंवा सुक्रालोज असतं, त्यासाठी औषध बंद करू नका. मुलाला रोज डाएट पेय देण्याची मात्र काहीच गरज नाही. पाणी, ताक आहे की.

स्टीव्हिया नैसर्गिक आहे, मग ते तरी निर्धोक ना?

नैसर्गिक असणं हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, पण स्टीव्हियाने मेंदूच्या पेशींना इजा होते असा माणसांमधला पुरावाही नाही. भारतात २०१५ पासून त्याला परवानगी आहे. खरी गोम पाकिटाच्या मागच्या बाजूला असते. 'स्टीव्हिया पावडर' म्हणून विकत घेतलेल्या पुष्कळशा पुड्यांमध्ये स्टीव्हिया चिमूटभर आणि बाकी एरिथ्रिटॉल असतं. आयएनएस क्रमांक, म्हणजे पदार्थात घातलेल्या मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, बघा : ९६० म्हणजे स्टीव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल, ९५१ ॲस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९५४ सॅकरीन, ९५० ॲसिसल्फेम पोटॅशियम.

आणि गूळ किंवा मध हा शुगरवाल्यांसाठी पर्याय नाही. रक्तातलं ग्लुकोज दोन्हींनी वाढतं.

चहात उकळलं, शिऱ्यात घातलं तर?

ॲस्पार्टेम उकळल्यावर मोडतं आणि गोडी जाते, म्हणून गोळी कपात घालायची. सुक्रालोज उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण १२० अंशांच्या वर, म्हणजे तळताना किंवा भट्टीत, त्यापासून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात असं जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये बजावलं आहे. गार झालेल्या खिरीत वरून घाला. 'शुगर-फ्री' म्हणून विकली जाणारी तळलेली मिठाई मी तरी घेणार नाही.

दिवसाला किती चालतं?

ॲस्पार्टेमची आंतरराष्ट्रीय मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिग्रॅम : जवळजवळ १२ कॅन, किंवा २० मिलिग्रॅमच्या १२० गोळ्या. दिवसाला दोन-चार गोळ्या घेणारा माणूस यापासून फार लांब आहे.

मला मधुमेह आहे. हे सगळं वाचून गोळ्या बंद करू का?

बंद करून चहा बिनसाखरेचा प्यायला लागणार असाल तर उत्तम. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. पण बंद करून पुन्हा दोन चमचे साखर घालणार असाल तर नको. वाढलेली शुगर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते, याचा पुरावा गोळ्यांविरुद्धच्या कुठल्याही पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२३ चा अंदाज आहे. घाबरवणारा मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यांच्यातला कुणीतरी तो वाचून साखरेकडे परत जाईल, याचा विचार व्हावा.

शुगर अचानक उतरली तर शुगर-फ्री गोळी किंवा डाएट पेय चालेल?

नाही, आणि या पानावरचं मेंदूच्या पेशींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऊर्जा वीस टक्के वापरतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे ग्लुकोज फार खाली गेलं की घाम, थरथर, बरळणं, बेशुद्धी अशा क्रमाने मेंदू बंद पडायला लागतो, आणि वेळ गेला तर पेशी खरोखर मरतात. कृत्रिम गोडीत ग्लुकोज नसतं. घाईत फ्रिजमधला डाएट कॅन तोंडाला लावला तर अमूल्य मिनिटं वाया जातात.

माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे खरी साखर पाण्यातून किंवा ग्लुकोज पावडर द्या, १५ मिनिटांनी शुगर तपासा, गरज पडल्यास पुन्हा द्या. त्यामुळे मधुमेह्याच्या घरातही साखरेचा डबा हवाच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.